फुग्याला टांगलेली तीन खाती

कामांची सांगड कशी घालावी ते माझ्याकडून शिकावं, असं मी मामलेदार हैबतरावांना छातीठोकपणे सांगितलं, तिथंच चुकलं.

साठ-एकसष्टची गोष्ट. मी मुळशीत सरकारी कारकून होतो. सरकारी खात्यांनी संशोधन आपापलं न करता मिळून करावं, असा नवा कायदा आला होता. त्याच सुमारास हवामानवाले घोटावड्याच्या माळावरून फुगा सोडणार होते. शेतकीवाल्यांना वरच्या हवेतला दमटपणा मोजायचा होता, जंगलवाल्यांना वणव्याचा धूर. मी म्हटलं, फुगा एकच, यंत्रं तिघांची. हैबतराव खूश झाले. माझी बढती त्यांच्याच हातात होती.

फुगा फुगला तसा सगळा गाव माळावर लोटला. बैलगाडीपेक्षा मोठा, पांढराशुभ्र गोळा! म्हाताऱ्या कुशाबांनी पागोटं काढून हात जोडले.

दोर सोडला. फुगा डोक्यावर गेला आणि तिथंच अडला. खाली लोंबणाऱ्या यंत्रांच्या तीन पेट्यांचं ओझं त्याला पेलेना. कुणीतरी आपली पेटी काढा, असं मी विनवलं. तिन्ही खात्यांचे साहेब कायदा सांगू लागले; एकाची काढली तर मिळून कसं होणार? तेवढ्यात वारा सुटला आणि फुगा पेट्या फरफटवत निघाला. मागे तीन साहेब, त्यांच्यामागे मी.

साळूबाईच्या कुंपणावर तिचं लग्नातलं हिरवं लुगडं वाळत होतं. ते दोरात गुंतलं. साळूबाई विळा घेऊन धावली आणि लुगडं सोडवायला तिनं दोर कापला, तो नेमका लुगड्याच्या खाली. पेट्या धपकन पडल्या. फुगा लुगड्यासकट सुटला.

लुगडं उलगडत उलगडत वर गेलं. काठावर ऊन चमकलं, पदर डोंगराच्याही वर फडफडू लागला. साहेब, हैबतराव, गाव, सगळ्यांच्या माना वर. इतकं देखणं मी आजवर काही पाहिलेलं नाही. आता साळूबाई मला फाडून खाणार, म्हणून मी जरा मागे सरकलो. ती मात्र कपाळाशी हात धरून बघतच राहिली होती.

"लई झ्याक दिसतंय," ती हळूच म्हणाली. "माझ्या अंगावर येवढं कदी दिसलं न्हाई."

फुग्याचा ठिपका झाला, मग तोही दिसेना. तिन्ही साहेब तिथंच बांधावर बसले. नव्या कायद्याखाली खात्यांचं पहिलंवहिलं एकमत तिथं झालं: साळूबाईला नवं लुगडं मी घेऊन द्यावं.