उस्ताद आणि ओलं पोतं

शववाहिका चढाच्या मधोमध तिसऱ्यांदा तापली, तेव्हा चालकाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मागे निजले होते ते त्याचे जिवाभावाचे उस्ताद, गावातले सर्वांत जुने इंजिन-मिस्त्री. वरच्या स्मशानाचं फाटक चारला बंद व्हायचं आणि साडेतीन तर इथेच वाजले होते.

चालक मूळचा कोरड्या पठारावरचा. तिकडे रेडिएटरपुढे ओलं पोतं बांधलं की गाडी दिवसभर गार राही. समुद्राकाठी आल्यावरही त्याने पोतं सोडलं नाही. उस्ताद वीस वर्षं चिडत आले. "अरे, इथली हवा आधीच पाणी पिऊन तट्ट झालीय. ती तुझं पोतं कशाला वाळवेल? पाणी उडालं तर गारवा, नाहीतर नुसता वाऱ्याच्या वाटेत बोळा!" चालक मान डोलवायचा आणि पोतं भिजवायचा.

आजही अंगातला सदरा पिळून काढावा अशी हवा होती. चालकाने पोत्यावर आणखी बाटलीभर पाणी ओतलं. तापमानाचा काटा लालमधून हलेना.

मागच्या टेम्पोतून उस्तादांचे सहा शिष्य उतरले. सगळे मिस्त्रीच. डोळे पुसून त्यांनी बॉनेट उघडलं.

"पंख्याचा पट्टा ढिला आहे," थोरला म्हणाला.

"पट्ट्याचं काय घेऊन बसलास? थर्मोस्टॅट अडकलाय."

"उस्ताद असते तर त्यांनी आधी..."

सगळ्यांना भरून आलं. मग उस्तादांनी आधी काय खोललं असतं, यावरून जुंपली. दहा मिनिटांत निम्मं इंजिन रस्त्यावर रुमालावर मांडलं गेलं. सहाही जण आत डोकावत होते. पोतं बाहेर होतं, त्यामुळे ते कोणाला दिसलं नाही.

अखेर उस्तादांची बायको पुढच्या सीटवरून खाली उतरली. "आधी हे सगळं होतं तसं जोडा," तिने शिष्यांना सांगितलं आणि ती पोत्याची गाठ सोडू लागली.

"वहिनी, त्या पोत्यामुळेच तर इथवर आलो!" चालक म्हणाला.

"वीस वर्षं रोज जेवताना मी हेच पोतं ऐकतेय," असं म्हणून तिने ते रस्त्याच्या कडेला टाकलं.

गाडी निघाली. काटा हळूहळू खाली आला, चढ सरला आणि उघडं फाटक दिसलं. चालकाला वाटलं, उस्ताद जिवंत असताना एकदा तरी हे म्हणायला हवं होतं. मागे न बघता तो पुटपुटला, "उस्ताद, तुमचंच खरं होतं."

शेजारी बसलेल्या वहिनीने डोळे टिपले.

"मोठ्यानं बोला, भाऊजी," ती म्हणाली. "त्यांना कमी ऐकू येतं."