आधी कार्यशाळा, मग स्टूल

एका जंगलात, म्हणजे शाळेची सहल जिथून परत फिरते त्याच्या थोडं पुढे, धोंडबा नावाचं एक अस्वल आपल्या आईबरोबर राहत होतं.

बाळांनो, धोंडबा वाईट नव्हता. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला तसं वाटेल.

आईचे गुडघे गेले होते. जमिनीवर बसली की तिला उठता येत नसे. मग धोंडबा तिच्या काखेत हात घालून तिला उठवी. दाराबाहेर एक ओंडका पडलेला होता. त्यावर ती सकाळी उन्हाला बसे. पण ओंडका बुटका होता. त्यावरून उठतानाही ती "आई गं" म्हणे, आणि तिची आई तर केव्हाच गेली होती.

एके दिवशी ती म्हणाली, "धोंडबा, मला एक स्टूल करून दे रे. जरा उंच. चार पायांचं."

"देतो की."

"तीन पायांचं असलं तरी चालेल."

"तीन कशाला, आई? चारच करतो. अगदी नीट करतो."

बाळांनो, कोणी 'नीट करतो' म्हणालं की समजावं, आता वेळ लागणार.

धोंडबा फळी आणि करवत घेऊन बसला. पायाखाली फळी दाबून त्याने करवत चालवली. फळी हलली. दुसऱ्या कोणी ती आणखी घट्ट दाबली असती. धोंडबा हुशार होता, म्हणून तो विचार करू लागला.

"आई, मला आधी एक कामाचं टेबल लागेल," तो म्हणाला. "जड. न हलणारं."

"बरं."

"टेबलाला सपाट जमीन लागेल. जमिनीवर छप्पर लागेल. म्हणजे आधी कार्यशाळाच पाहिजे. एकदा ती झाली, की स्टूल म्हणजे तासाभराचं काम."

"तासाभराचं आहे, तर आधी तेच कर की."

"आई, तुला यातलं कळत नाही."

आईला यातलं खरंच कळत नव्हतं. तिला फक्त बसायचं होतं.

धोंडबाने घराच्या मागे दोऱ्या ताणल्या आणि पाया खणायला घेतला. खणताना वारूळ लागलं. त्याने त्यातली वाळवी खाऊन टाकली. सगळ्या बांधकामात वेळेवर झालेलं काम तेवढं एकच. मग कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतची मापं जुळेनात, म्हणून त्याने पाया बुजवला आणि पुन्हा खणला. दुसऱ्या खेपेला मापं जुळली, पण दार उलट्या बाजूला आलं.

असा उन्हाळा गेला. भिंती उभ्या राहिल्या. आता टेबल.

टेबलाच्या पायांना जाड आणि चांगलं मुरलेलं लाकूड हवं होतं. जंगलात लाकडाला तोटा नसतो. पण ओलं लाकूड पुढे पिळवटतं, आणि पूर्ण वाळलेलं म्हणून त्याला सापडलं ते एकच. दाराबाहेरचा ओंडका.

त्याने आईला अलगद उचललं आणि भिंतीला टेकवून खाली बसवलं.

"थोडेच दिवस, आई."

असं म्हणताना त्याला वाईट वाटलं. मग त्याने ओंडका उभा चिरला. टेबल फार सुरेख झालं. मुळीच हलत नव्हतं.

तेव्हापासून आई जमिनीवर. सकाळी धोंडबा तिला उन्हात बसवून कामाला जाई. ऊन सरकत पलीकडे जाई आणि ती सावलीत राही. ती हाक मारी, "धोंडबा, उठव रे." आतून उत्तर येई, "आलो, आई." रंध्याचा आवाज थांबत नसे. ती पुन्हा थोड्या वेळाने हाक मारी. मला हे सांगताना बरं वाटत नाही, पण गोष्ट अशीच आहे.

तोवर कार्यशाळेचं नाव जंगलभर झालं होतं. तिची मागची भिंत बघायला लांबून लांबून प्राणी येत. त्या भिंतीवर धोंडबाने एकेका हत्याराची आकृती रंगवली होती आणि तिथेच खिळा मारून ते हत्यार टांगलं होतं. करवतीच्या जागी करवत, पटाशीच्या जागी पटाशी. सगळी नवी कोरी. काढलेलं हत्यार परत कुठे लावायचं, हे शोधावं लागत नसे. आणि अजून एकही काढलेलं नव्हतं.

"झाली ना आता कार्यशाळा?" आईने विचारलं. "मग स्टूल?"

"अगं, पूजा व्हायचीय. पूजेआधी नव्या हत्यारांना हात लावतात का? खंडेनवमीला पूजा, त्याच दिवशी उद्घाटन."

"मग जुन्या हत्यारांनी कर."

"ती बांधकामात बोथट झाली."

"धार लाव की."

"धार लावायचा दगड नवा आहे, आई. त्याचीही पूजा व्हायचीय."

आई गप्प बसली. बसण्याशिवाय तिला दुसरं काही करताही येत नव्हतं.

खंडेनवमी आली. हत्यारांना हळदकुंकू लागलं, झेंडूच्या माळा चढल्या. वाघ प्रमुख पाहुणे म्हणून आला. मांडवाचं काम गुंडू माकडाकडे होतं. त्याने पन्नास खुर्च्या आणल्या. लाल, प्लॅस्टिकच्या, दोन्ही बाजूंना हात असलेल्या.

पहिल्या रांगेत आईला बसवलं. वाघाने भाषण सुरू केलं.

"आपल्या धोंडबांनी ही वास्तू स्वतःच्या मातोश्रींसाठी उभारली," वाघ म्हणाला.

टाळ्या पडल्या. आईचं तिकडे लक्ष नव्हतं. ती खुर्चीचे हात चाचपून बघत होती. मग तिने दोन्ही पंजे त्यांवर टेकवले आणि जोर लावला.

ती उठली. आपली आपण.

पुन्हा बसली. पुन्हा उठली. कोणाला हाक मारली नाही. भाषण संपेपर्यंत तिने हे सात वेळा केलं. आपलं भाषण म्हातारीला इतकं भिडलंय हे पाहून वाघाने ते आणखी लांबवलं.

चहापान झालं, पाहुणे पांगले. गुंडू माकड खुर्च्या एकात एक घालून हातगाडीवर चढवू लागला. एकोणपन्नास झाल्या.

"आजी, खुर्ची न्यायचीय."

"ने की."

"तुम्ही बसलाय तिच्यावर."

"मग मलाही ने."

गुंडूने डोकं खाजवलं. "आजी, पन्नास आणल्या, पन्नास न्यायच्या, एवढंच माझं काम. वर कोण बसलंय याचं मला कोणी काही सांगितलेलं नाही."

"मग काय अडतंय?"

काहीच अडत नव्हतं. गुंडूने आजीसकट खुर्ची गाडीवर चढवली. धोंडबा आत उरल्यासुरल्या पाहुण्यांना मागची भिंत दाखवत होता.

"धोंडबा, येते रे," आईने हाक मारली.

"आलो, आई," आतून उत्तर आलं.

गाडी निघाली.

दुसऱ्या दिवशी दसरा. धोंडबा आपट्याची पानं घेऊन आईच्या पाया पडायला गेला. भिंतीशी आई नव्हती. त्याने घर शोधलं, ओढा शोधला. तिने हाक मारल्यावर आपण तिला शेवटचं कधी उठवलं, हे आठवायला लागला आणि त्याला आठवेना.

ती सापडली साळिंदराच्या नव्या बिळाच्या वास्तुशांतीला. पहिल्या रांगेत, गुंडूच्या लाल खुर्चीवर. हातात जिलबी. साळिंदराची बायको तिला आग्रह करत होती. कार्यक्रमाला कोणीतरी वडीलधारं असलं की बरं दिसतं, म्हणून तिला पुढच्या आठवड्याची दोन बारशीही सांगून झाली होती.

धोंडबाने तिच्या पायांवर डोकं ठेवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं.

"आई, घरी चल. आता करतोच तुझं स्टूल."

आईने त्याच्या डोक्यावरून पंजा फिरवला. "कधी रे?"

"लगेच. फक्त काय आहे, लाकूड कापलं की भुसा पडतो. आत सगळं नवं आहे. म्हणून म्हटलं, मागे एक छोटी खोली काढावी, कापण्यापुरती. ती झाली, की तासाभराचं काम."

आईने त्याच्याकडे बघितलं. तो लहान असताना बघायची तसं.

"खोलीचं उद्घाटन करशील ना?"

"करीनच की."

"मग तेव्हा येते," आई म्हणाली. खुर्चीच्या हातांवर पंजे टेकवून ती उठली आणि दुसरी जिलबी घ्यायला चालत गेली.

तात्पर्य: आईवडिलांना बसायला काही करून द्यावं असं मनात आलं, तर उगाच फळी आणि करवत घेऊन बसू नये. आधी मोठी कार्यशाळा बांधावी. उद्घाटनाला खुर्च्या येतातच.