भिवाआजोंचा आठवा पाय

एका जंगलात, म्हणजे जिथे जंगल संपतं आणि समुद्र सुरू होतो तिथे, माडीचं एक दुकान होतं. माडी म्हणजे काय ते, मुलांनो, आईला विचारू नका, मामाला विचारा. दुकान चंद्राबाय नावाच्या उदमांजरीचं. उन्हाळ्यात दिवस कलला की अख्खं जंगल तिच्या बाकड्यांवर येऊन टेकायचं.

दुकानासमोरच्या वाळूत खेकडे नाचत. आडव्या चालीचा, गोल रिंगणाचा तो नाच पणजोबांच्या पणजोबांपासूनचा. आधी सगळ्यांत वडीलधारा खेकडा देवाला गाऱ्हाणं घाली. तो एक वाक्य म्हणे आणि थांबे. तो थांबला की बाकीच्यांनी "व्हय महाराजा!" म्हणायचं. मग नाच. नव्या नाचणाऱ्याचं पहिलं पाऊल वडीलधाऱ्याची नांगी धरूनच पडायचं, असा रिवाज होता.

वडीलधारे म्हणजे भिवाआजो. एक पाय माशाने नेलेला, उरलेले सात. यंदा वैशाखी पुनवेला त्यांची नात शेवंती पहिल्यांदा रिंगणात उतरणार होती. आजो महिनाभर त्या एका संध्याकाळची वाट बघत होते.

पुनवेला नेमका घाटावरून मोर आला. मोर लोककलेचा जाणकार होता. म्हणजे त्याने ती लांबून पाहिली होती. त्याने दोन घोट घेतले, बाकड्यावर चढला आणि भाषण सुरू केलं.

"हा नाच फार प्राचीन आहे," मोर म्हणाला आणि टाळ्यांसाठी थांबला.

"व्हय महाराजा!" खेकडे ओरडले. कोणी थांबलं की ओरडायचं, एवढंच त्यांना ठाऊक.

मोर हरखला. असे श्रोते त्याला घाटावर कधी मिळाले नव्हते.

"पण त्यात भेसळ झाली आहे!"

"व्हय महाराजा!"

"खेकड्याला पाय आठ. सात पायांचा नाच हा खरा नाच नव्हे!"

"व्हय महाराजा!" यात सगळ्यांत मोठा आवाज भिवाआजोंचा होता.

"ज्याचे आठही पाय शाबूत, त्यानेच यापुढे नाचावं!"

"व्हय महाराजा!"

"ठराव एकमताने मंजूर," मोर म्हणाला.

"अरे, काय बोलतास ता कळता काय तुमका?" चंद्राबाय ओरडली. पण तोवर पाय मोजायला सुरुवात झाली होती.

समुद्रात राहून आठ पाय कोणाचे टिकतात? कोणाचा दगडाखाली गेलेला, कोणाचा जाळ्यात, दोघांचे तर आपसांतल्या भांडणात. आठ पाय निघाले एकट्या शेवंतीचे. आणि आजोंची नांगी धरल्याशिवाय तिला पहिलं पाऊल टाकता येत नव्हतं.

"माझो एक पाय गेलो म्हणान ठेको गेलो काय?" आजोंनी विचारलं. मला विचाराल तर तेव्हाच मोराची पिसं उपटायला हवी होती. पण उपटणार कोण? ठराव एकमताचा होता.

"काही झालं तरी मी हा नाच बंद पडू देणार नाही," असं म्हणून मोर स्वतःच रिंगणात उतरला. पिसारा फुलवून त्याने खेकड्यांचा पारंपरिक नाच करून दाखवला. दोन पायांवर. आठाचे दोन कसे चालले, हे कोणी विचारलं नाही. पिसारा फार सुंदर होता. बाकड्यांवरच्या मंडळींनी टाळ्यांचा कडकडाट केला.

"आजो, आपलो नाच असो आसा?" शेवंतीने विचारलं.

आजोंनी मोराचे पाय मोजले. मग म्हणाले, "आता असोच, बाय."

हल्ली तिथे मोराची शिकवणी चालते. खेकड्यांना खेकड्यांचा नाच शिकवतात. पहिला धडा सरळ चालण्याचा आहे. शेवंतीचं नाव घातलंय. भिवाआजो तिला रोज सोडायला जातात आणि शिकवणी सुटेपर्यंत बाहेर वाळूत बसून राहतात.

तात्पर्य : मुलांनो, आपली परंपरा टिकावी असं खरंच वाटत असेल, तर आपण तिच्यातून वेळेवर बाजूला व्हावं. जाणकारांना पिसारा फुलवायला जागा लागते.