नाना केमिस्टांची साखरबंदी

नाना केमिस्ट लग्नाला गेले की जिलेबीच्या परातीपाशी खुर्ची टाकून बसायचे. खायला नव्हे, लक्ष ठेवायला. एखाद्या पोरानं तिसरी जिलेबी उचलली की ती काढून घेत आणि म्हणत, "दोन झाल्या. मशीन बंद." पोराचे आईबाप तोंड वाकडं करायचे, नाना ढिम्म. माझ्या मुलीच्या वाढदिवसाला त्यांनी केकवरचं सगळं क्रीम चमच्यानं खरवडून काढलं आणि खालचा उघडा पाव "आता वाटा" म्हणून माझ्या हातात दिला.

देवळाली प्रवरात माझी रक्त तपासायची छोटी लॅब आहे. नाना माझे शेजारी. लग्न केलं नाही, म्हाताऱ्या आईबरोबर राहतात. पस्तीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला, पण चिमूटभर साखर तोंडात टाकली नाही. "गोड बनवायचं आसतं, खायचं न्हाई," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. निवृत्त झाल्यावर तपासायला रस उरला नाही, म्हणून माझ्या लॅबमध्ये येऊन बसू लागले. उसातून किती साखर उतरली त्याला कारखान्यात रिकव्हरी म्हणतात. नाना माझ्या पेशंटनाही विचारायचे, "काय मंडळी, रिकव्हरी किती?" ज्याची शुगर जास्त निघे त्याला घरी येऊन डबे उघडून बघायची धमकी देत. एका बाईंकडे ते खरोखर गेले आणि बेसनाचे लाडू जप्त करून आले.

असा हा माणूस गेल्या वर्षी बघता बघता वाळला. शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसायला लागला. लॅबमध्ये बसल्या बसल्या तांब्याभर पाणी प्यायचे आणि लगेच उठून मागे जायचे. मी बळेच त्यांचं रक्त घेतलं. शुगर चारशेच्या वर.

माझा विश्वास बसेना. मी पुन्हा तपासलं. तेवढीच.

आकडा ऐकून नाना म्हणाले, "नमुन्यात गडबड झाली आसल. बाटली बदलली का बघा."

"नाना, सकाळपासून तुम्ही एकटेच आलाय."

गावात लोक हसले. नाना चोरून गुलाबजाम खात असणार, असं जिलेबी गमावलेली पोरं उघड बोलू लागली. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. नानांनी त्या घड्याळ लावून घेतल्या, भात सोडला, रोज कालव्याच्या कडेनं मैलोन् मैल चालले. तीन महिन्यांनी शुगर तेवढीच आणि नाना अजून सहा किलोनं कमी.

मग मी त्यांना नगरला एका डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. त्यांनी अँटिबॉडीची तपासणी लिहून दिली. नमुना माझ्याकडेच घेऊन पुण्याला पाठवायचा होता. नानांनी कारखान्याच्या रिवाजाप्रमाणे बाटलीवर कागद चिकटवून आडवी सही केली. "आता कुनाला बदलता यायची न्हाई," म्हणाले.

रिपोर्ट आला तेव्हा मी तो दोनदा वाचला. अँटिबॉडीचा आकडा मर्यादेच्या कितीतरी पट वर होता. मला नगरहून सामान आणायचंच होतं, म्हणून मी त्यांना गाडीत घालून घेऊन गेले.

डॉक्टरीणबाईंनी कागद बघून सावकाश सांगितलं, "अँटिबॉडी म्हणजे आपल्या रक्तातले राखणदार. बाहेरच्या जंतूंवर धावून जायचं त्यांचं काम. तुमच्यात ते घरच्याच माणसांवर उठलेत. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी त्यांनी मारल्या. म्हणून गोळ्या चालत नाहीत. आता इन्सुलिनच घ्यायचं. हा लहान मुलांना होतो तसला मधुमेह आहे, तुम्हाला उतारवयात झाला."

इन्सुलिन कसं घ्यायचं ते नाना विचारतील असं मला वाटलं. त्यांनी विचारलं, "लहान पोरांना कशानं व्हतो? गूळ, काकवी खाल्ल्यानं?"

"नाही हो. याचा गोड खाण्याशी काही संबंध नाही."

"आठ वर्सांची पोर. सारखी पानी पिती, वाळत जाती, मग धाप लागून चार दिवसांत जाती. हेच का?"

"मी तिला बघितलेलं नाही, त्यामुळे छातीठोक सांगता यायचं नाही. पण लक्षणं याचीच आहेत. काकवीनं झाला नसणार, एवढं नक्की सांगते."

परत येताना राहुरीजवळ नाना काचेबाहेर बघत म्हणाले, "माझी धाकटी बहीन, शकू. मी अकरा वर्सांचा हुतो. ती सुकाय लागली म्हणून मी गुऱ्हाळावरून रोज पेलाभर काकवी आनायचो. अंगात ताकद यावी म्हणून. डॉक्टर म्हनले, साखर झालीय, लई गोड घातलं पोरीला. मी कुनालाच सांगितलं न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. दहा वर्षांच्या शेजारात या माणसाला बहीण होती हेच मला माहीत नव्हतं.

घरी पोचल्यावर त्यांनी मला आत नेलं. आई खाटेवर शेंगा फोडत बसली होती. "तुमी सांगा," नाना मला म्हणाले, "माझ्या तोंडून यायचं न्हाई." मी डॉक्टरीणबाईंचं बोलणं जमेल तेवढं सोपं करून सांगितलं. नानांच्या काकवीचंही सांगितलं.

म्हातारीचे हात थांबले. "गुळानं न्हाई गेली?"

"नाही, आजी."

"तू द्यायचास ते मला म्हाईत हुतं," ती नानांना म्हणाली. "तू शाळंत गेला की मी बी द्यायची. फडक्यात खडा बांधून ठिवायची. पोर मागायची, मला न्हाई म्हनवायचं न्हाई. मला वाटायचं, तुज्या पेल्यानं काय व्हतंय, माज्याच हातानं गेली."

नाना उभ्याचे खाली बसले, खाटेच्या पायाशी, जमिनीवर. शकू गेल्यापासून अठ्ठेचाळीस वर्षं दोघं एका घरात, एका चुलीवरचं जेवत होते. म्हातारीनं हात लांब करून त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

मग ती म्हणाली, "हसताना नाक कसं चुरगाळायची, आठवतं का तुला?"

"आठवतं," नाना म्हणाले. "आन वरचा एक दात पडलेला हुता."

मी चपला घालून बाहेर पडले. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.