साबणाच्या डबीतलं नागपूर केंद्र

विजेच्या कामात माझा हात धरणारा माणूस आमच्या गल्लीत नव्हता. शेजारच्या नत्थूजींनी एकदा धरला होता, मी इस्त्री दुरुस्त करत असताना, तर त्यांनाही शॉक बसला. पण तेवढा प्रसंग सोडला तर नागपूरच्या नंदनवन वस्तीत माझा चांगला दबदबा होता. पोटासाठी मी पाटबंधारे खात्यात कारकून होतो, जीव मात्र तारा आणि डाग देण्याच्या शिशात अडकलेला. कोणाचा पंखा थांबला की मला बोलावणं येई. मी जाऊन आलो की पंखा कायमचा थांबे, पण बोलावणं येई, हे महत्त्वाचं.

त्या उन्हाळ्यात आमचे गणपतराव गुरुजी शाळेतून निवृत्त होणार होते. अर्ध्या गल्लीला त्यांनी शिकवलं होतं. विहाराच्या अंगणात त्यांचा सत्कार करायचा ठरला आणि त्यासाठी बैठक भरली. बैठकीत एकच अडचण निघाली. गुरुजींना चालत चालत बोलायची सवय. मागच्या बुद्धजयंतीला बोलता बोलता ते माईकच्या तारेत असे गुंडाळले गेले, की आभार मानायच्या आधी दोघांनी त्यांना उलटं फिरवून सोडवलं.

"तारेची भानगडच नको," मी म्हणालो. "मी बिनतारी माईक करतो."

मग नत्थूजींनी विचारलं, "बिनतारी म्हणजे तारच नाही?"

"नाही."

"मग आवाज जाईन कशातून?"

"हवेतून."

"अन् आता कशातून जाते?"

असल्या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर नसतं. मी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. गुरुजी मात्र म्हणाले, "आनंदराव करतो म्हणते तं करू द्या." ज्यांनी मला गणितात सतत नापास केलं त्यांनी इतका विश्वास टाकावा, यानं मला भरून आलं.

कृती एका इंग्रजी मासिकात होती. बर्डीच्या बाजारातून सामान आणलं आणि सगळं बसवायला न्हाणीघरातली साबणाची डबी घेतली.

"डबी कुठी गेली जी?" माझी बायको पुष्पलता न्हाणीघरातून ओरडली.

"विज्ञानासाठी घेतली."

"अन् साबण?"

"खिडकीत ठेवला."

खिडकीत साबण नव्हता. तो कावळ्यानं नेला होता. पुष्पलतेनं त्या दिवशी बेसन लावून अंघोळ केली आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाही.

मासिकात लिहिलं होतं, की डबीत बोललेलं घरातल्या रेडिओवर ऐकू येईल. रेडिओच्या काट्याच्या अगदी उजव्या टोकाला, जिथं एकही केंद्र लागत नाही, तिथं शोधायचं. आवाज लांब जावा म्हणून डबीतून एक तार काढून बाहेर उंच बांधायची. बाहेर उंच असं आमच्याकडे कपडे वाळत घालायची तार होती. ती आमच्या खिडकीपासून थेट गल्लीच्या कडुनिंबापर्यंत जात होती. तिलाच जोडून टाकलं.

संध्याकाळी कचेरीतून आलो की मी प्रयोगाला बसे. डबी तोंडापुढे, रेडिओ मांडीवर. एका हातानं काटा उजव्या टोकाला इकडे-तिकडे सरकवायचा आणि तोंडानं बोलत राहायचं. "हॅलो, हॅलो." रेडिओतून नुसती खरखर, जशी तव्यावर ज्वारीच्या लाह्या फुटताना होते तशी.

"किती वेळ हॅलो हॅलो करून राहिले?" पुष्पलता म्हणाली. "दुसरं काही बोला न. ऐकून ऐकून डोकं उठलं."

"काय बोलू?"

"जे रोज बोलता थे बोला."

रोज मी शेजाऱ्यांबद्दल बोलत असे. तेच सुरू केलं.

"हॅलो. आपली शिडी नत्थूजींनी दिवाळीत रंग द्यायला नेली. अजून आणून दिली नाही. आता ती शिडी त्यांनाच आईबाप समजत असेल. हॅलो."

खरखर.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर शिडी भिंतीला टेकवलेली. धुऊन, पुसून. नत्थूजी त्यांच्या अंगणात तोंड फिरवून उभे होते.

"पाह्य," मी बायकोला म्हणालो, "मनात आणलं की होतं."

त्या संध्याकाळी बोलायला विषय यमुताई. यमुताई म्हणजे नत्थूजींची बायको. त्या दर रविवारी आमच्याकडे वाटीभर सावजी रस्सा पाठवायच्या. "हॅलो," मी डबीत म्हणालो, "यमुताईंचा रस्सा खाल्ला की माझ्या कानांतून वाफ निघते. परवा त्यात भाकरी बुडवली, तर भाकरीनंच हात मागं घेतला."

पुढच्या रविवारी वाटी आली. आत पिवळसर पाण्यात दुधी भोपळा तरंगत होता. तिखट नाही, मीठ नाही.

"यमुताई नाराज हाये का माह्यावर?" पुष्पलता वाटीकडे पाहत म्हणाली. "हे तं दवाखान्यातलं जेवण दिसते."

"त्यांची तब्येत बरी नसन," मी म्हणालो.

मग गल्लीचं वागणं मला कळेनासं झालं. मी दिसलो की बायका पदर तोंडाला लावत. पुरुष एकाएकी कामाला लागत. संध्याकाळी प्रयोगाला बसण्याआधी मी खिडकीतून पाही, तर नत्थूजींच्या अंगणात लोक खाटा-बाजा घेऊन येत होते. उकाडाच इतका होता, की लोक अंगणात जमतात यात मला काही विशेष वाटलं नाही. भाजलेल्या शेंगा घेऊन का जमतात, एवढंच नवल वाटे.

एका संध्याकाळी पुष्पलतेचा संयम संपला. "सगळ्यांना नावं ठेवता," ती माझ्यापुढे कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "स्वतःचं सांगा की. झोपेत उठून बसता अन् साहेबाले सलाम ठोकता. 'यस सर, फाईल टेबलावर ठेवली सर.' एक दिवस माह्या उशीले म्हणाले, 'सर, आपण बसा न.'"

"हळू बोल वं," मी म्हणालो. "भिंतीला कान असतात."

भिंतीचा प्रश्नच नव्हता. सकाळी सायकल काढली तर कोपऱ्यावरचा पानवाला उठून उभा राहिला. "यस सर," तो म्हणाला. पुढं दूधवाल्यानं म्हटलं, "सर, आपण बसा न." मी सायकलवर बसलेलोच होतो. लोकांना माझी योग्यता कळू लागली, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

सत्कार जवळ आला तरी डबी मुकी ती मुकीच. गुरुजी रस्त्यात भेटले की मी गल्ली बदलू लागलो. त्या काळजीत एक दिवस मी डबीपाशी गुरुजींवरच घसरलो. "हॅलो. गुरुजी माणूस लाख, पण बोलायला उभे राहिले की बसत नाहीत. मागच्या वेळी विहारासमोरचं कुत्रंसुद्धा उठून गेलं. ते बहिरं आहे."

त्यानंतरच्या संध्याकाळची गोष्ट. पुष्पलता विरजण मागायला यमुताईंकडे गेली. घरात मी एकटा. माणूस एकटा असला की मोकळा होतो.

"हॅलो," मी सुरू केलं. "पुष्पलता बाहेर गेली आहे म्हणून सांगतो. तिनं मला स्वेटर विणला आहे. त्याच्या एका बाहीत माझा हात जात नाही आणि दुसरीत मी अख्खा जातो. मागच्या हिवाळ्यात तो घालून कचेरीत गेलो, तर चपराशी म्हणाला, साहेब, आत आणखी कोण आहे? तरी मी तिला सांगतो, छान झाला. पुढच्या वर्षी ती दुसरा विणणार आहे. हॅलो, कोणी ऐकत असेल तर मला वाचवा."

दार वाजलं. पुष्पलता आत आली. हातात विरजणाची वाटी नव्हती. चेहरा असा होता, जसा वीज पडायच्या आधी आभाळाचा होतो. ती सरळ माझ्यासमोर येऊन बसली, डबी उचलली आणि तोंडाजवळ नेली.

"यमुताई," ती डबीत म्हणाली, "विरजण तिथंच राहिलं. झाकून ठेवजा. सकाळी नेते."

"बरं वं," पलीकडच्या अंगणातून यमुताईंचा आवाज आला. "मांजर हाये, शिंक्यात ठेवते."

मी खिडकीकडे पाहिलं. मग डबीकडे पाहिलं. पुष्पलता पुन्हा डबीत बोलली, "हे नागपूर केंद्र हाये. आजचा कार्यक्रम इथंच संपला. आता आमच्या घरी जे होईन, थे ऐकवल्या जाणार नाही."

पलीकडून टाळ्या ऐकू आल्या. तिनं तार उपटली.

मग सगळं कळलं. माझी डबी पहिल्या दिवसापासून ठणठणीत चालू होती. फक्त तिचा आवाज काट्याच्या उजव्या टोकाला न लागता नेमका नागपूर केंद्राच्या जागी लागत होता. आमचा रेडिओ प्रयोगात अडकल्यामुळे नागपूर केंद्र आम्ही कधी लावलंच नाही. बाकी सगळी गल्ली मात्र तेच लावत होती.

"बोंडअळीवर कोणतं औषध मारायचं थे माणूस सांगून राहिला होता," यमुताईंनी पुष्पलतेला सांगितलं होतं, "अन् मधातच भाऊजी आले शिडी घेऊन."

"मग मले सांगितलं काहून नाही?" पुष्पलतेनं विचारलं होतं.

यमुताई खरं बोलल्या. "राग आला होता वं. पण दुसऱ्या दिवशी कोणाचा नंबर हाये, हे पाह्याचं होतं."

मी पुष्पलतेला म्हणालो, मी तुझ्या भावाकडे नरखेडला जाऊन राहतो. त्याची संत्र्याची बाग आहे, तिथं पडून राहीन. ती म्हणाली, "जा. स्वेटर घालून जा." उन्हाळ्यात तो घालून गेलो असतो तर नरखेडऐवजी दवाखान्यातच उतरावं लागलं असतं. राहिलो.

सत्काराच्या दिवशी मी विहाराच्या अंगणात सगळ्यात मागं, पाण्याच्या रांजणाआड उभा होतो. समितीनं तारेचा माईक भाड्यानं आणला होता. पण गुरुजींनी मला हाक मारली. "आनंदराव, डबी आणली काय?"

डबी खिशात होती. घरी ठेवली असती तर पुष्पलतेनं तिच्यात पुन्हा साबण ठेवला असता.

"द्या इकडे."

नागपूर केंद्र दुपारी मधे बंद असतं, त्याच वेळेत सत्कार होता. व्यासपीठाजवळ नत्थूजींचा रेडिओ आणून ठेवला आणि भोंग्याला जोडला. मी डबीची तार मंडपाच्या दोरीवर टाकली आणि मनात म्हटलं, आता तरी बिघड. ती बिघडली नाही. बिघडायला सांगितलेली वस्तू माझ्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच चालली.

गुरुजी डबी घेऊन उभे राहिले. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग विहाराच्या दाराकडे.

"जय भीम," ते म्हणाले. "मी बोलतो तेव्हा थे बहिरं कुत्रंही उठून जाते, असं मी रेडिओवर ऐकलं. आज थे बसलं हाये. बावीस वर्षं शाळेत अन् त्याहून जास्त या गल्लीत तुमी मले ऐकून घेतलं, तुमचे उपकार मानतो. कुत्रं उठायच्या आत मी बसतो."

आणि ते बसले. गल्लीनं अशा टाळ्या कधी वाजवल्या नव्हत्या. टाळ्यांनी कुत्रं उठलं, पण तो दोष गुरुजींचा नव्हता. मी पाया पडायला गेलो, तर गुरुजी कानात म्हणाले, "उच्चार सुधारले तुमचे. शाळेत असे नव्हते."

तिथून सगळं सुरळीत झालं. नत्थूजींनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. रविवारी यमुताईंची वाटी आली. रस्सा असा लालभडक होता, की पहिल्याच घासाला मला माझी मावशी आठवली, जी वारली आहे. पुष्पलता अजून स्वेटरवरून बोलत नव्हती, पण विणायच्या सुया तिनं पेटीत टाकल्या, आणि मी त्याला क्षमाच समजलो.

सोमवारी संध्याकाळी गल्लीच्या टोकाचे रुपराव आले. अत्यंत सज्जन माणूस. टपाल खात्यात नोकरी, वेळेवर जाणं, वेळेवर येणं, मोठ्यानं खोकणंसुद्धा नाही. ते खुर्चीच्या कडेवर बसले आणि बराच वेळ टोपी फिरवत राहिले.

"आनंदराव," ते शेवटी म्हणाले, "तुमचा कार्यक्रम मी रोज ऐकला. एक दिवस नाही चुकवला."

"माफ करा रुपराव. कळलंच नाही मला, की..."

"माफीचं नाही म्हणत मी. नत्थूजीचं बोलले तुमी. यमुताईचं बोलले. गुरुजीचं बोलले. पानवाल्याच्या चुन्याचंही बोलले." त्यांचा आवाज जड झाला. "माह्यं काहून नाही बोलले?"

मी आत पुष्पलतेला चहा ठेवायला सांगितलं.

"आमच्या घरचे सारे रोज रेडिओजवळ बसत. बायको म्हणे, आज तुमचा नंबर लागते. तिनं माहेरचे लोकही बोलावले होते एक दिवस. तुमी त्या दिवशी कडुनिंबाच्या झाडावर बोलले." त्यांनी टोपी घातली. "झाडावर बोलले, आनंदराव. मी काय झाडापेक्षा गेलेला हाये?"

मी घाईनं म्हणालो, तसं नाही, तुमच्यात नाव ठेवण्यासारखं काही आहेच कुठं. मला वाटलं, ते खूश होतील. ते उठले आणि चहा न घेता गेले.

आज नंदनवनातल्या आमच्या गल्लीत माझ्याशी न बोलणारा एकच माणूस आहे, आणि त्याच्याबद्दल मी आयुष्यात कधी वाईट शब्द काढलेला नाही.