धाकट्या बेटावरील लोकसंख्या: निरंक

कारभारात जेवढ्या म्हणून अडचणी येतात, त्या सगळ्या माणसांमुळे येतात, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. माणूस आला की नळ आला, नळ आला की तक्रार आली, आणि तक्रार आली की ती घ्यायला खिडकी, खिडकीला जाळी आणि जाळीमागे बसून "उद्या या" म्हणणारा एक कर्मचारी नेमावा लागतो. माणसे वजा केली की उरतो तो निव्वळ कारभार. तो पाहायचा असेल, तर आमच्या कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर यावे. (लिफ्ट बंद आहे.)

निर्मनुष्य बेटे विभागाच्या तुलना शाखेत मी एकोणीस वर्षे आहे. आमच्या समुद्रात दोन बेटे आहेत आणि दर वर्षी त्यांची तुलना करणे हे माझे काम. थोरले बेट शेजारच्या खोलीकडे आहे, धाकटे आमच्याकडे. थोरल्यावर दोन टेकड्या, धाकट्यावर एक. थोरल्यावर गोडे पाणी नाही, धाकट्यावर पावसाचे एक डबके साठते. दोन्हींकडे जायला बोटीने अकरा तास लागतात. कारभारात मात्र जमीनअस्मानाचा फरक. थोरल्याला सात जणांची समिती, म्हणजे सात तोंडे. धाकट्याला एकच प्रशासक, आणि त्यांना बोट लागत असल्यामुळे ते बेटावर कधी गेलेले नाहीत. त्यामुळे त्यांचे मन पूर्वग्रहापासून मुक्त आहे.

गेल्या वर्षी धाकट्यावर गुन्हे शून्य, प्रलंबित अर्ज शून्य, नागरिकांचे समाधान शंभर टक्के (असमाधानी नागरिक आढळला नाही). थोरल्याचा अर्धा गुण कापला गेला. तिथे कोणीतरी सोडलेली एक शेळी निघाली आणि तिचे ओरडणे पाहणी पथकाने प्रामाणिकपणे 'तोंडी निवेदन' या सदरात नोंदवले. उत्कृष्ट कारभाराची फिरती ढाल सलग नऊ वर्षे आमच्याच भिंतीवर आहे. खिळाही आता गंजून तिला चिकटला आहे.

धाकट्या बेटावर एक दीपस्तंभ आहे. वर्षातून एकदा दिव्यांचे मिस्त्री तिथे जातात, काच पुसतात, बॅटऱ्या बदलतात आणि आमच्या जाहीर नोटिसा खालच्या फळ्यावर चिकटवतात. कोणताही निर्णय घेण्याआधी नोटीस लावून तीस दिवस हरकतींची वाट पाहावी, असा कायदा आहे. कुठे लावावी याबाबत कायदा उदार आहे. 'हद्दीत, दर्शनी जागी', एवढेच तो म्हणतो. त्यामुळे इतर खातीही आपल्या नाजूक नोटिसा आमच्याकडे देतात. आजवर एकही हरकत आलेली नाही.

यंदा बोटीवर तांडेल नवा होता. जुना तांडेल फॉर्म न वाचता सही करायचा, हा वाचणारा निघाला. परतीच्या फॉर्मवर 'बेटावरून आणलेल्या व्यक्ती' या रकान्यापुढे 'निरंक' असे छापूनच येते, कारण निर्मनुष्य बेटावरून माणूस आणणार कुठून? मिस्त्री वर काच पुसत होते. तांडेलाने फॉर्म दोनदा वाचला, वर एकदा पाहिले आणि नियमाप्रमाणे निरंक व्यक्ती घेऊन तो परतला. अशी निष्ठा हल्ली दिसत नाही.

चौथ्या दिवशी मिस्त्रींची बायको आली. शिवणकाम करणारी बाई, गळ्यात मोजमापाची टेप तशीच.

"साहेब, आमचे हे बेटावरच राहिलेत," ती हेडक्लार्कना म्हणाली. "डबा एका दिवसाचा दिला होता. बोट पाठवा."

"ताई, त्या बेटावर माणूस नसतो."

"आता आहे ना."

"तसं लेखी कुठे आहे?"

हेडक्लार्क मनाने वाईट नाहीत. त्यांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिले आणि समजावले. माणूस आणायला बोट पाठवली की लोकसंख्या एक झाली. लोकसंख्या एक झाली की दवाखाना, शाळा, मतदान केंद्र. विभागाच्या नावातला 'निर्मनुष्य' हा शब्द जाणार, आणि त्याबरोबर ढाल शेजारच्या खोलीत. "एका माणसासाठी एवढं उलटंपालटं करायचं का? तुम्हीच सांगा."

बाईने पाण्याचा पेला तसाच खाली ठेवला. मला फार वाईट वाटले, हे कबूल करतो, पण ते लिहायला आमच्या तक्त्यात रकाना नाही. त्यानंतर ती रोज येऊन बाकावर बसू लागली. समोर ढाल होती आणि ढालीखाली नियमांचा फलक. आमच्या कचेरीत तो फलक पूर्ण वाचणारी ती पहिलीच व्यक्ती असावी.

नवव्या दिवशी ती उठली. "अतिक्रमणाची तक्रार लिहून घ्या. धाकट्या बेटावर एक इसम विनापरवाना राहतोय. डाव्या भुवईवर व्रण आहे. घोरतो."

"हे तुम्हाला कसं माहीत?"

"चोवीस वर्षं शेजारी झोपतेय."

अतिक्रमण चोवीस तासांत हटवलेच पाहिजे, असे फलकावर आहे. बोट त्याच दुपारी सुटली. दोन शिपाई, दोन पंच आणि फोटो काढायला एकजण. दुसऱ्या दिवशी मिस्त्रींना पकडून आणले. डबक्याचे पाणी आणि गळाला लागलेले मासे यांवर ते तगले होते. बायकोने त्यांची कॉलर नीट केली, "शर्ट केवढा मळवलात," म्हणाली आणि तिथेच ढालीखाली हमसून हमसून रडली. मीही खिडकीकडे तोंड केले.

अतिक्रमण हटवल्याचे दोन गुण जास्तीचे मिळाले. ढाल राहिली. फक्त मिस्त्रींकडून 'मी सदर बेटावर कधीही वास्तव्य केलेले नाही' असे लिहून घ्यायचे होते. त्यांनी आनंदाने सही केली आणि मग म्हणाले, "साहेब, तिथं करायला काही नव्हतं. फळ्यावरच्या सगळ्या नोटिसा वाचून काढल्या."

हेडक्लार्कनी सहीचा कागद घाईने फायलीत घातला.

"एक आख्खी वस्ती निर्मनुष्य ठरवणार आहेत म्हणे. घर नंबर दिलेत. तक्रारी फार करतात असं कारण आहे. माझं घर नाही त्यात, पण मी हरकत लिहून आणलीय." त्यांनी बॅटरीच्या खोक्याचा पुठ्ठा पुढे केला.

हेडक्लार्कनी पुठ्ठा सावकाश वाचला आणि अदबीने परत केला. "मिस्त्री, नोटीस बेटावर होती. तुम्ही बेटावर नव्हता. आत्ताच सही केलीत."

मुदत काल संपली. हरकती: निरंक. वस्तीचा पत्ता मला सांगता येत नाही, पण हे वाचणाऱ्याने आपल्या नळाबद्दल आता आम्हाला लिहू नये. आपल्या घरात कोणी राहत नाही. तरीही आवाज आल्यास तो 'तोंडी निवेदन' या सदरात, त्या शेळीच्या खाली नोंदवला जाईल.