नवरदेवाच्या शिरस्त्राणांत घातलेल्या गाद्यांची हकीकत

श्रीकुलस्वामिनी समर्थ. लिहिणाराचा हात आणि ऐकणाराचे कान शाबूत असोत. शके एकोणीसशें शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासीं शुक्लपक्षीं, नदीअलीकडील संस्थान आणि नदीपलीकडील संस्थान या उभयतांमध्यें सोयरिकीचा जो तह ठरला आणि भर मांडवांत जो मोडला, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. संवत्सराचें नांवच क्रोधी, मग लेखणीस तरी शांति कोठून असावी?

नदीअलीकडील संस्थानीं थोरले धनी कैलासवासी होऊन पांच वर्षें लोटलीं होतीं. मागें आईसाहेब, कन्या ऋतुजाबाई आणि धाकटे चिरंजीव मकरंदराव, ऐसीं तिघेंच राहिलीं. ऋतुजाबाईंनीं वडिलांमागें रडत न बसतां घराच्या पडवींत कारखाना घातला, आणि नाटकमंडळ्यांस, शाळांच्या स्नेहसंमेलनांस, मिरवणुकींतील चित्ररथांस लागणारीं चिलखतें, ढाली आणि शिरस्त्राणें करून देऊं लागल्या. पुठ्ठा, फोम आणि रंग यांची जिन्नस, परंतु चार हातांवरून पाहणारास पोलादच भासावें, आणि अंगांत घालणारास मात्र सदऱ्यासारखी हलकी वाटावी, ऐसी त्यांच्या हाताची ख्याति. त्याच कारखान्यावर घर चालत होतें आणि मकरंदराव त्याच कारखान्याचा माल गाडींतून गांवोगांव पोंचवीत होते. सबब कारखाना म्हणजे बाईंचा जीव कीं प्राण, हें त्यांस कोणी सांगावें लागत नव्हतें.

मग नदीपलीकडून रणधीररावांचें स्थळ आलें आणि त्यांचे चुलते दौलतरावकाका, जे त्या घरचे सर्वाधिकारी, ते बैठकीस येऊन बसले. पोहे झाले, चहा झाला, आणि मकरंदरावांनीं एकच गोष्ट पुसली कीं, "काका, लग्नानंतर ताईचा कारखाना चालू राहील ना?" काका पोट हलवून हंसले आणि म्हणाले, "खुशाल चालवू द्या की! आम्ही काय अडाणी आहोत का? दिला शब्द." रणधीरराव त्या वेळीं बशींतील बिस्किटाकडे पाहत होते, ते पाहतच राहिले. मंडळी आनंदली, सुपारी फुटली, परंतु मकरंदरावांचे मनीं सल राहिला. शब्द दिला काकांनीं आणि संसार व्हावयाचा रणधीररावांशीं, हा कोठला हिशेब? पुढें त्यांनीं फोन करावा तर काकांनींच उचलावा आणि "तो कामात आहे" म्हणून ठेवावा. ऋतुजाबाईंनीं स्वतः पुसलें तरी रणधीररावांनीं "काकांनी सांगितलंय ना," इतकेंच बोलावें. माणूस वाईट नव्हता, दिसावयास देखणा, बोलावयास मऊ, परंतु त्याचें प्रत्येक वाक्य काकांच्या घरून आल्यासारखें येई. तेव्हां मकरंदरावांनीं मनाशीं निश्चय केला कीं, कानपिळीचे वेळीं याच्याच तोंडून वदवून घ्यावें. रिवाज ऐसा कीं, लाह्यांचा होम चालला असतां नवरीच्या भावानें नवरदेवाचा कान पिळावा, आमच्या बहिणीस नीट वागव म्हणून चार लोकांदेखत बजवावें, आणि नवरदेवानें त्यास मानाचा पोशाख द्यावा. सगळ्या लग्नांत मुलीकडच्यांच्या हातीं मुलाकडचा असा एवढाच कान येतो, तोही घटकाभर. त्या घटकेवर मकरंदरावांनीं सारी भिस्त ठेविली.

इकडे काकांच्या डोक्यांत निराळेंच वारें भरलें. त्यांनीं फर्माविलें कीं, आमचा नवरदेव घोड्यावरून, अंगांत चिलखत आणि मस्तकीं शिरस्त्राण घालून मांडवीं येईल, दारूकाम होईल, वरून भिरभिरणारें यंत्र त्याचीं चित्रें घेईल, आणि सून असल्या वस्तु करतेच तर तिनेंच करून द्याव्या. जो कारखाना पुढें काय होणार याविषयीं तोंड उघडावयाचें नाहीं, त्याच कारखान्याकडून फुकटचा डौल मात्र मिरवावयाचा! परंतु ऋतुजाबाईंनीं रुसवा न धरितां मापें मागविलीं. काकांनीं नवरदेवास फेटा बांधून त्यावरून डोक्याचें माप घेतलें. कां, तर मोठें माप कळविलें म्हणजे घराणें मोठें ठरतें! बाईंनीं तो आंकडा वाचून फोन केला कीं, "काका, हे माप चुकलंय, इतकं डोकं माणसाचं नसतं," तों काका म्हणाले, "आमच्या घरात डोकी मोठीच असतात." मग बाईंनीं त्या मापाचें शिरस्त्राण केलें, आणि पदरचें शहाणपण म्हणून आंत बसविण्यास फोमच्या पट्ट्याही कापून पिशवींत घातल्या.

लग्नाचे दिवशीं कार्यालयांत नवरदेवास शिरस्त्राण चढविलें तों तें नाकापर्यंत उतरलें. हांसें झालें. ऋतुजाबाईंस वर्तमान कळलें, त्यांनीं मकरंदरावांचे हातीं पिशवी देऊन बजाविलें कीं, "कपाळाला एक पट्टी, मागं मानेच्या वर दोन, टाळूला ही गोल गादी. हनुवटीचा पट्टा एक बोट जाईल इतका सैल. आणि मकू, कान मोकळे ठेवायला सांग. कान दाबले की माणसाला ऐकू येत नाही नि घामानं जीव जातो." मकरंदराव धांवत वरपक्षाच्या खोलींत गेले. काकांनीं पिशवी हातांत घेतली, आंत डोकावले, आणि कोपऱ्यांत भिरकावून दिली. "नवरीकडच्यांनी नवरदेवाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आम्हाला एवढंही कळत नाही का?" ऐसें म्हणून त्यांनीं कार्यालयाच्या खुर्चीची गादी फाडविली, तिचे दोन जाड तुकडे केले, आणि ते शिरस्त्राणाचे दोहों बाजूंस, बरोबर कानांवर, रबराच्या डिंकानें चिकटविले. मग छाती पुढें दिसावी म्हणून चिलखताचे बगलेखालचे पट्टे शेवटच्या भोंकापर्यंत आवळविले. रणधीरराव लाल होऊन, दोन्ही हात अंगापासून दूर धरून उभे राहिले. काकांनीं शिरस्त्राणावर टकटक केलें आणि म्हणाले, "हलतंय का?" रणधीरराव म्हणाले, "काय?" काका ओरडले, "हलतंय का!" ते म्हणाले, "काय?" काका समाधानानें बोलले, "बसलं."

मकरंदराव तडक आईसाहेबांकडे आले आणि घडलें तें सांगितलें, तों आईसाहेब पदर सांवरून म्हणाल्या, "जाऊ दे रे. मुलीकडचे आपण." मुलीकडचे आपण! या दोन शब्दांनीं जितकीं घरें लुटलीं तितकीं पेंढाऱ्यांनींही लुटलीं नसतील. मकरंदरावांनीं दांतओंठ खाऊन गप्प बसणें पत्करलें, कारण होम अजून व्हावयाचा होता.

मग स्वारी निघाली. घोडा, हलगी, दारूकाम, आकाशांत यंत्र भिरभिरतें, आणि मध्यें नवरदेव ताठ बसलेले, कोणी नांव घेऊन हांक मारली तरी मान वळेना. अंतरपाट धरिला, मंगलाष्टकें झालीं, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर सारिला, तरी नवरदेव हात जोडून उभेच. तेव्हां काकांनीं मागून शिरस्त्राणाशीं तोंड नेऊन "हार घाल!" म्हणून ओरडावें, मग हार पडावा. "बस!" म्हणून ओरडावें, मग बसावें. बसावयासही चिलखत वांकेना, दोघांनीं धरून पाटावर उतरविलें. गुरुजींच्या मुखापुढें ध्वनिक्षेपक होता, त्यांतून मंत्रांबरोबर काकांचें ओरडणेंही पार भोजनगृहापर्यंत जाऊं लागलें, आणि काकांस दुपारपर्यंत त्या ओरडण्याची अंगवळणीं संवय पडून गेली. इतकें होऊनही वरपक्षाची मंडळी म्हणत, काय रुबाब आहे! आपल्या बहिणीचें लग्न एका बंद पेटीशीं लागत आहे, ऐसें मकरंदरावांस वाटलें आणि त्यांच्या डोळ्यांस पाणी आलें.

लाह्यांचा होम आला. मकरंदरावांनीं बहिणीच्या ओंजळींत लाह्या घातल्या आणि मग उठून नवरदेवाच्या मस्तकाशीं हात नेला, तों कान कोठें? वर पत्र्यासारखा चकचकाट, खालीं गादी, कानाचा मागमूस नाहीं. काकांनीं लगबगीनें पोशाखाचें तबक पुढें केलें आणि म्हणाले, "झाली कानपिळी असं समजा. घ्या पोशाख." मकरंदराव म्हणाले, "पोशाख नको काका. कान पाहिजे." मांडवांत हंशा पिकला, परंतु मकरंदराव हंसत नव्हते. "अहो पाव्हणं, रीत म्हणून करायचं असतं, एवढं काय धरून बसताय?" काका बोलले. "रीत म्हणूनच मागतोय," मकरंदराव बोलले. "अख्ख्या लग्नात आमचं एवढंच आहे. तेही झाकलंत?" गुरुजींनींही सांगितलें कीं रिवाज खरा, कान द्यावा. मग काकांनीं नाइलाजानें शिरस्त्राण ओढलें, तों तें निघेना. डिंक आणि घाम यांनीं केंस धरिले होते. काका ओढीत आणि रणधीरराव "मेलो, मेलो" म्हणून ओरडत, ऐसा प्रकार जाहला.

तेव्हां ऋतुजाबाई पाटावरून उठल्या. "सरका," म्हणाल्या, "माझ्या हातचं आहे ते." त्यांनीं प्रथम चिलखताचे पट्टे सैल केले, नवरदेवानें सकाळपासूनचा पहिला श्वास पोटभर घेतला. मग हनुवटीचा पट्टा सोडिला, दोन बोटें आंत सरकवून केंस सोडवीत सोडवीत एक गादी काढिली, मग दुसरी, आणि शिरस्त्राण वर कपाळाकडे सारिलें. दोन्ही कान बाहेर आले, लालभडक आणि ओले, एकाची पाळी सोललेली. रणधीररावांनीं "हुश्श" केलें आणि बाईंकडे ऐसें पाहिलें कीं मकरंदरावांचाही राग क्षणभर उतरला. त्यांनीं दुखरा कान सोडून दुसरा हलकेच चिमटींत धरिला आणि सर्वांदेखत म्हणाले, "दाजी, ताईचा कारखाना लग्नानंतरही चालू राहील, हे तुमच्या तोंडानं सांगा. काकांच्या नको."

रणधीररावांनीं मान वळवून काकांकडे पाहिलें. तों मागून दौलतरावकाका वांकले. दिवसभराची संवय, गाद्या निघाल्याचें भान नाहीं, कानाशीं तोंड नेऊन रोजच्यासारखे नव्हे तर त्या दिवसासारखे ओरडले, "हो म्हणून टाक! एकदा घरात आली की कुठला कारखाना नि कुठलं काय! कुलूप घालू!"

तें वाक्य ध्वनिक्षेपकांतून मांडवभर गेलें, भोजनगृहांत गेलें, बाहेर घोड्यास दाणा घालणाऱ्यानेंही ऐकिलें. हलगीवाला चुकून एक थाप मारून गप्प झाला. ऋतुजाबाई काकांकडे वळल्याच नाहींत. त्यांनीं रणधीररावांस पुसलें, "हे तुम्हाला ठाऊक होतं?" रणधीरराव म्हणाले, "काका म्हणाले, नंतर समजावू." बाई म्हणाल्या, "ते नाही विचारलं. ठाऊक होतं का?" आतां कान मोकळे होते, ऐकूं आलें नाहीं म्हणावयास जागा उरली नव्हती. रणधीरराव खालीं पाहून म्हणाले, "होतं."

मकरंदरावांच्या चिमटींतून कान आपोआप सुटला. ज्या माणसाचा शब्द मिळावा म्हणून एवढी तडफड केली, त्याचा शब्द मिळाला होता. ऋतुजाबाईंनीं गुरुजींस पुसलें कीं, लग्न लागलें काय? गुरुजी सत्य बोलले कीं, सप्तपदीचीं सात पावलें पडल्यावांचून विवाह पुरा होत नाहीं. "मग ती पडायची नाहीत," बाई म्हणाल्या, आणि त्यांनीं उपरण्यास बांधलेली शेल्याची गांठ स्वतः सोडिली. काकांनीं आरडाओरड केली, अब्रूची, खर्चाची, पाहुण्यांची दुहाई दिली, कज्जा करण्याची धमकी घातली. मकरंदराव बहिणीच्या पुढें उभे राहिले आणि म्हणाले, "तुमची अब्रू तुम्हीच माईकवरून वाचून दाखवलीत, काका. आमच्याकडं कशाला मागता?" रणधीरराव पाटावर बसून राहिले. उठून एक शब्द बोलावा, ऐसें त्यांस शेवटपर्यंत सुचलें नाहीं, आणि लिहिणाराचा खरा राग कोणावर असेल तर तो त्या बसण्यावर आहे.

सारांश, तह मोडला. वरपक्षाची स्वारी न जेवतां परत गेली, अलीकडील मंडळी पंक्तीस बसली, आणि आईसाहेबांनीं रडत रडत कां होईना, जिलबी स्वतः वाढली. चौथे दिवशीं कारखाना उघडला आणि त्यांत पूर्ववत् काम चाललें. परंतु दोन्ही तीरांवरचे शहाणे लोक पुढें महिनोन्महिने मकरंदरावांस गांठून पुसत कीं, एवढ्याशा कारखान्यापायीं बहिणीचें ठरलेलें लग्न कोणी मोडतें काय? मकरंदराव प्रत्येकास एकच उत्तर करीत:

"एवढासाच होता, तर त्यांना त्याच्यासाठी खोटं का बोलावं लागलं?"